चंद्रकलेचं दुखणं

"कुठे दुखतं बाई?" डॉक्टरांनी चंद्रकलेला विचारलं.

"पाठीत," शालिकराम म्हणाले. "खांद्यांच्या मधात. पोटातला गॅस वर चढते अन् पाठीत भरते. तिले जेवण पचत नाई."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून असंन."

"झोप लागते का?"

"लागते. पण मधातच उठून बसते. सवय लागली तिले."

चंद्रकला स्टुलावर बसली होती. डोक्यावरचा पदर तिने हाताने धरून ठेवला होता. 'सवय' हा शब्द ऐकून तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, लुगड्यावरूनच पोट दाबून बघितलं. ज्या पाठीसाठी ती आली होती, ती पाठ कोणी बघितली नाही. कंपाउंडरने गुलाबी औषधाची बाटली भरून दिली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

त्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या एकाही माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. बायकोचं दुखणं नवऱ्याने सांगायचं, सुनेचं सासूने सांगायचं, ही रीतच होती. आपल्यापैकी किती घरांत ती अजून चालू आहे, हे ज्याचं त्याने मनाशी पाहावं.

शालिकराम हेडाऊ वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगायला हवं. नागपुरातल्या तांडापेठेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. घराणं पिढीजात विणकरांचं. पण स्वातंत्र्यानंतर सुताची टंचाई आली, घरोघरचे माग बंद पडू लागले, तेव्हा शालिकरामांनी स्वतःचा माग सोडून विणकरांच्या सोसायटीचं काम अंगावर घेतलं. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाच्या राजधानीचं शहर. सचिवालयाच्या पायऱ्या चढून साहेबांच्या टेबलापुढे उभं राहायचं आणि "आमच्या वस्तीतली चूल पेटत नाई साहेब" असं तोंडावर सांगायचं, हे करणारा तांडापेठेत तो एकच माणूस होता. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलणं हा त्यांचा धर्मच झाला होता. तो धर्म ते घरीही पाळत. म्हाताऱ्या आईच्या वतीने बोलत, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या, कुसुमावतीच्या वतीने बोलत, चंद्रकलेच्या वतीने तर लग्नापासून बोलत आले होते. बायकोवर त्यांचा जीव होता. जीव होता म्हणूनच तिला कुणा परक्यापुढे तोंड उघडायची पाळी येऊ नये, असं त्यांना वाटे.

बाटली संपली, दुखणं संपलं नाही. मग शालिकरामांनी तिला एका वैद्याकडे नेलं. तिथेही त्यांनीच सांगितलं. वैद्याने वात म्हटलं आणि तेल दिलं. सासू रुखमाबाईंनी दृष्ट काढली. शालिकराम जाईल तिथे बायकोच्या दुखण्याची हकीकत सांगत, आणि सांगून सांगून ती इतकी घोटली गेली की एके दिवशी शेजारणीने विचारलं तेव्हा चंद्रकलाही म्हणाली, "काही नाई वं, गॅस आहे."

पण तो गॅस नव्हता. आडवं झालं की पाठीत कळ उठायची. उठून भिंतीला टेकून बसलं की ती हळूहळू उतरायची. शिंक आली की वीज चमकल्यासारखी कळ पाठीतून निघून छातीच्या दोन्ही बाजूंनी पुढे यायची. होळीनंतर आणखी एक गोष्ट झाली. घरातला माग चंद्रकलाच चालवायची. मागाखालच्या पावड्या पायाने दाबताना तिचा डावा पाय सरकू लागला. पाय दाबायचा हुकूम तिने द्यावा आणि पायाने तो उशिरा ऐकावा, तसं व्हायचं. विणीत चुका पडू लागल्या. शालिकराम म्हणाले, "दमली असशीन. माग काही दिवस बंद ठेव." ते मायेनेच म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. कुसुमावती मागून आली आणि एकदम ओरडली, "माय, पाय!"

चुलीतला एक निखारा बाहेर पडला होता आणि चंद्रकलेचा उजवा पाय त्याला टेकून होता. कातडी जळाल्याचा वास सुटला होता. चंद्रकलेने खाली पाहिलं, पाय बाजूला घेतला आणि जळालेल्या जागेकडे ती बघत राहिली. ती कळवळली नाही. हे पाहून कुसुमावतीच्या अंगावर काटा आला.

"दुखत नाई का तुले?"

"नाई," चंद्रकला हळूच म्हणाली. "कोणाले सांगू नोको."

शालिकरामांनी डॉक्टरांकडून मलम आणलं. पायावर निखारा पडला, एवढंच त्यांनी तिथे सांगितलं, कारण त्यांना तेवढंच माहीत होतं.

वैशाखात चंद्रकला सार्वजनिक नळावर पडली. भरलेली घागर फुटली, ती उठायचा प्रयत्न करू लागली, पण डावा पाय अंगाखाली तसाच दुमडून राहिला. शेजारच्या गोदूबाईने दोन-तीन बायांना हाक मारून तिला उचललं. शालिकराम सोसायटीतून धावत आले.

"वैद्य-डाक्टरांकडे अशा फेऱ्या घालून काही होत नाई भाऊ," गोदूबाई म्हणाली. "बायांच्या दवाखान्यात न्या. तिथं डाक्टरीणबाई आहेत."

सायकल रिक्षात चंद्रकलेला गोदूबाईच्या मांडीवर टेकवून बसवलं. शालिकराम मागून सायकलवर आले. त्या दवाखान्यात एक नियम होता. तपासणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव. गोदूबाई चंद्रकलेला धरून आत गेली, दार लोटलं गेलं आणि शालिकराम बाहेर राहिले.

आत डॉक्टर इंदुताई होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या. त्यांनी विचारलं, "काय होतं तुम्हाला?"

दाराबाहेरून आवाज आला, "डाक्टरीणबाई, तिले गॅस आहे. पाठीत भरते. वाताचीही दवा झाली."

इंदुताई उठल्या, दार उघडून बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पाठ कोणाची दुखते?"

"तिचीच."

"मग तिलाच बोलू द्या. तुम्हाला विचारायचं असेल तेव्हा मी बोलवीन." त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं.

"आता सांगा," त्या चंद्रकलेला म्हणाल्या.

"गॅस आहे. पाठीत भरते."

"हे तर बाहेरचे शब्द झाले. तुमचे शब्द सांगा."

चंद्रकलेला खरंच सुचेना. लग्न झाल्यापासून कोणी तिला असं विचारलं नव्हतं. इंदुताईंनी घाई केली नाही. खुर्ची जवळ ओढून त्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने चंद्रकलेने तोंड उघडलं आणि मग मात्र ती थांबली नाही. आडवं झालं की कळ येते, बसलं की उतरते, असं तिने सांगितलं. छातीभोवती कोणी ओली दोरी आवळून बांधल्यासारखं वाटतं. डावा पाय ऐकत नाही, पण त्याला चटका कळतो. उजवा पाय ऐकतो, पण त्याला चटका कळत नाही. अंघोळीचं पाणी डाव्या पायावर कढत लागतं आणि उजव्यावर नुसतंच ओलं लागतं.

इंदुताई पुढे सरकल्या. "आणखी?"

चंद्रकलेने गोदूबाईकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "लघवीले बसली की उतरत नाई. लय वेळ लागते. घरी कसं सांगू बाई, लाज वाटते."

"लाजेची गोष्ट नाही ही. तुम्ही आत्ता सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे."

त्यांनी तिला पालथं निजवलं. पाठीचा एकेक मणका बोटाने चाचपला. छोट्या हातोडीने गुडघे ठोकून बघितले, तेव्हा डावा पाय ताडकन उडाला. टाचणी घेऊन पायापासून वर वर टोचत त्या विचारत गेल्या, "टोचतं का? आता? आता?" उजव्या बाजूला पायापासून छातीच्या खालपर्यंत चंद्रकला नाही म्हणत होती. छातीच्या एका ठिकाणी ती एकदम म्हणाली, "हाव, टोचलं." जणू अंगावर कोणी रेघ ओढली होती.

इंदुताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"पाठीच्या कण्याच्या आत एक दोर असतो," त्या शालिकरामांना म्हणाल्या. "मेंदूकडून पायांकडे जाणारे सगळे हुकूम आणि पायांकडून मेंदूकडे जाणाऱ्या सगळ्या बातम्या त्याच दोरातून जातात. तुमच्या पत्नीच्या दोरावर आत काहीतरी दाब देत आहे. क्षयाचं गळू असू शकतं. पण तिने जे सांगितलं त्यावरून मला गाठीची शंका येते. अशी गाठ क्वचितच होते. माझ्या सबंध नोकरीत मी फार थोड्या पाहिल्या. त्यांना आजच मोठ्या इस्पितळात न्या. मी चिठ्ठी देते."

"पण इतके दिवस कोणालेच काहून कळलं नाई?" शालिकराम म्हणाले.

इंदुताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कारण तिला कोणी विचारलं नाही."

मोठ्या इस्पितळात सर्जन वामनराव होते. विलायतेत शिकून आलेले, कमी बोलणारे, हातच्या कसबासाठी नावाजलेले. क्ष-किरणाच्या फोटोत हाडं शाबूत दिसली. क्षयाची खूण नव्हती. वामनरावांनी शालिकरामांना बाजूला बोलावलं.

"कमरेत सुई घालून मणक्यांतलं पाणी तपासावं लागेल. त्याच सुईतून तेलासारखं एक औषध आत सोडायचं आणि क्ष-किरणांखाली ते कुठे अडतं ते पाहायचं. गाठीची जागा त्यानेच कळेल. पण एक सांगून ठेवतो. आत गाठ असेल तर पाणी काढल्यावर ती एखाद्या वेळी आणखी रुतते आणि पायांची शक्ती एकदम जाऊ शकते. तसं झालं तर लगेच ऑपरेशन करावं लागेल."

शालिकरामांनी मान हलवली. चंद्रकलेजवळ जाऊन ते म्हणाले, "एक सुई टोचतीन. काही नाई होत." तिचा धीर सुटू नये म्हणून बाकीचं त्यांनी पोटात ठेवलं.

सुई आत गेली. पाणी आलं ते स्वच्छ नव्हतं, पिवळसर होतं. मानेच्या शिरा दाबल्या की हे पाणी काचेच्या नळीत वर चढायला हवं. वामनरावांच्या मदतनिसाने मान दाबली. पाणी जागचं हललं नाही. म्हणजे मध्ये कुठेतरी वाट अडली होती. वामनरावांनी औषध सोडलं आणि टेबल डोक्याकडे कलतं करायला सांगितलं. पडद्यावर औषधाचा काळा ओघ पाठीतून हळूहळू छातीकडे सरकला आणि खांद्यांच्या मधोमध, थोडं खाली, बांध घातल्यासारखा थांबला. टेबल आणखी कललं. ओघ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकलेने कूस बदलायला पाय ओढला आणि पाय आला नाही. डावा गेलाच होता, आता उजवाही हलेना. लघवी अडून ओटीपोट दगडासारखं झालं होतं. नर्सने नळी घालून ती काढली. चंद्रकला रडली नाही. तिने फक्त छताकडे बघत विचारलं, "हे असं होते हे कोणाले माहीत होतं का?"

नर्स म्हणाली, "डॉक्टरांनी तुमच्या यजमानांना सांगितलं होतं."

चंद्रकलेने तोंड भिंतीकडे वळवलं.

वामनरावांनी शालिकरामांना सांगितलं, "थांबायला वेळ नाही. दोर किती काळ असा चेंगरलेला राहतो यावर सगळं आहे. उद्या सकाळी उघडू. तुमची संमती हवी."

तोपर्यंत घरून रुखमाबाई आल्या होत्या. वस्तीतले दोन वडीलधारे आले होते. व्हरांड्यात सगळे शालिकरामांभोवती जमले.

"पाठ कापल्यावर कोणी उठलं आहे का गा?" रुखमाबाई म्हणाल्या. "कालपर्यंत एक पाय तरी चालत होता पोरीचा. सुई टोचली अन् पाय गेले. आता सुरी लावून जीव घेतीन. घरी ने तिले. मरायचं तर घरी मरू दे."

वडीलधारेही मान हलवत होते. शालिकरामांच्या मनात भीतीचा डोंब उसळला होता. सुईची संमती त्यांनीच दिली होती. पाय गेले ते आपल्यामुळे, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घुमत होती. आता सुरीलाही आपणच हो म्हणायचं आणि ती टेबलावरच गेली तर? ते उठले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "रिक्षा पाहा. घरी नेतो."

व्हरांड्याच्या टोकाला इंदुताई उभ्या होत्या. त्या आपल्या रोग्याची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"शालिकरामजी, इकडे या," त्या म्हणाल्या. "तुम्ही विणकरांसाठी सचिवालयात जाता असं गोदूबाई सांगत होत्या."

"हाव, जातो."

"समजा, तिथल्या साहेबांनी तुमच्यातल्या एकालाही न विचारता ठरवलं की तांडापेठेतले माग आता मोडायचे. विणकरांचं भलं आम्हाला कळतं, त्यांच्यावर आमचा जीव आहे, असंही वर म्हणाले. तर तुम्ही काय कराल?"

"भांडीन. आमच्या पोटाचा सवाल अन् आम्हालेच न विचारता? असं कसं चालंन?"

"बरोबर आहे. आता सांगा, घरी न्यायचं हे कोणाला विचारून ठरवलंत?"

"आईले विचारलं. या मोठ्या माणसांले विचारलं."

"आणि जिची पाठ आहे तिला?"

शालिकरामांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"ती शुद्धीवर आहे," इंदुताई म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे. पाय तिचे आहेत, जीव तिचा आहे. तुम्ही तिच्या वतीने फार चांगलं बोलता. पण दुसऱ्याच्या वतीने बोलायचं तर आधी त्याचं ऐकावं लागतं. ते तुम्ही कधी केलंत?"

वामनराव वॉर्डाच्या दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "इंदुताई, यांना एकट्यांना बोल लावू नका. सुईतला धोका मीही यांनाच सांगितला. तिला सांगायला हवा होता. चूक माझीही आहे."

शालिकराम वॉर्डात गेले. खाटेशेजारी उकिडवे बसले. चंद्रकलेचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"चंद्रकला," ते म्हणाले, "पाठीत गाठ आहे. ऑपरेशन करा म्हणतात. आई घरी न्या म्हणते. तुले काय वाटते?"

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

आजवर हे उत्तर ऐकून ते समाधानाने उठत आले होते. आज ते उठले नाहीत.

"नाई," ते म्हणाले. "मी नाई सांगत. मी सांगूनच हे इथवर आणलं. तू सांग."

चंद्रकलेने मान वळवली. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी तिने प्रथमच पाहिलं.

"मले डाक्टरांशी बोलू द्या," ती म्हणाली.

वामनराव आले. तिने त्यांना विचारलं, "कापलं तर मी चालीन का?"

"खात्री देत नाही. गाठ दोराच्या बाहेर असेल तर निघेल, आणि तुम्ही चालाल अशी आशा आहे. दोराच्या आतच असेल तर सगळी काढता येणार नाही."

"मरीन का?"

"धोका आहे. पण थोडा आहे."

"अन् नाई कापलं तर?"

"पाय परत येणार नाहीत. पुढे अंथरुणातच राहावं लागेल. जखमा होतील, ताप येईल."

चंद्रकलेने डोळे मिटले. व्हरांड्यातून रुखमाबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता. सगळे वाट पाहत होते, आणि त्या सगळ्यांत शालिकरामही होते.

"मले मराची भीती नाई," ती शेवटी म्हणाली. "मले अशी पडून राहाची भीती वाटते. मी पडून राहीन अन् माह्या दुखण्याची गोष्ट लोक सांगत राहतीन. कापा डाक्टर. मी सांगते, कापा."

वामनरावांनी संमतीचा कागद आणवला. शालिकरामांनी त्यावर सही करण्याआधी तो बायकोपुढे धरला. तिने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. मग त्यांनी त्याखाली सही केली.

सकाळी तिला आत नेलं. दार बंद झालं. शालिकराम बाकावर बसले. रुखमाबाई बाजूला जप करत होत्या, कुसुमावती आजीला धरून होती. वस्तीतले लोक येत होते, विचारत होते, "काय म्हणतात डाक्टर? काय आहे शालिकरामभाऊ?" एरवी त्यांनी सगळं समजावून सांगितलं असतं. त्या दिवशी ते प्रत्येकाला एकच सांगत होते, "मले माहीत नाई." ऊन चढत गेलं. एकदा दार उघडलं, नर्स रक्ताची बाटली घेऊन लगबगीने आत गेली आणि दार पुन्हा मिटलं. शालिकराम उभे राहिले आणि नंतर बसलेच नाहीत. कुसुमावतीने पाणी आणून दिलं. तो पेला त्यांच्या हातात तसाच राहिला.

दुपारी वामनराव बाहेर आले. अंगातला झगा घामाने चिंब झाला होता.

"दोराच्या बाहेर होती," ते म्हणाले. "दोरावर जे वेष्टण असतं त्याला धरून वाढलेली. सुपारीएवढी. दोर एका बाजूला चेपून फितीसारखा झाला होता. तुकडा तुकडा करून सगळी काढली. वाईट जातीची दिसत नाही. आता पाय किती परत येतात ते दोर ठरवेल. वाट पाहा."

हे वाट पाहणं ऑपरेशनपेक्षा कठीण होतं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. रोज वामनराव येत, पायाचा अंगठा हलवा म्हणत. चंद्रकला दात आवळून जोर लावी, कपाळावर घाम येई, आणि अंगठा तसाच पडून असे. शालिकराम शेजारी उभे राहून श्वास रोखत. एका सकाळी नर्स तिचे पाय पुसत होती. चंद्रकला एकदम म्हणाली, "पाणी थंड आहे."

नर्सचा हात थांबला. ती उजवा पाय पुसत होती.

"पुन्हा सांगा."

"थंड आहे वं पाणी. लय थंड आहे!"

त्याच आठवड्यात उजवा अंगठा हलला. मग घोटा. डावा पाय फार मागून आला. पावसाळा उलटला तेव्हा चंद्रकला काठी घेऊन तांडापेठेतल्या आपल्या घराच्या उंबऱ्यातून आत आली. डावा पाय किंचित ओढत होता, आणि तो तसाच राहणार होता. शालिकरामांनी वामनरावांना विचारलं होतं, आधी आणलं असतं तर? वामनराव खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले होते, "पाय ओढू लागण्याआधी आणलं असतं, तर बहुतेक हेही राहिलं नसतं." ते ऐकून शालिकराम इस्पितळाच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ बसून राहिले होते.

घरी आल्यावर त्यांनी एक गोष्ट मनावर घेतली. ते विचारू लागले. पहिल्या पहिल्यांदा त्यांना ते जमत नसे. कोणी चंद्रकलेला तब्येत विचारली की त्यांचे ओठ आधी हलत, मग ते गप्प होत. चंद्रकलेलाही उत्तर द्यायला वेळ लागे. वस्तीतले काही लोक हसत. म्हणत, "शालिकरामभाऊ बायकोले विचारून पाणी पितात आता." ते हसू शालिकरामांनी सोसलं.

मार्गशीर्षात उमरेडहून कुसुमावतीला स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा मास्तर, मागणी त्यांच्याकडूनच. शालिकराम खुशीत घरी आले. पूर्वी असतं तर शब्द देऊनच आले असते. आज ते चंद्रकलेजवळ बसले आणि म्हणाले, "असं असं आहे. तुले कसं वाटते?"

आपण बायकोला विचारलं याचं त्यांना मनातून थोडं कौतुकही वाटत होतं.

चंद्रकला मागावर बसली होती. तिने सुताचा धोटा हातातून खाली ठेवला.

"मले काहून विचारता?" ती म्हणाली. "लग्न माहं आहे का? पोरीले विचारा."

शालिकरामांना हे अपेक्षित नव्हतं. पोरीला लग्नाचं विचारायचं? तांडापेठेत असं कोणी केलं होतं? त्यांच्या जिभेवर शब्द आले होते, 'तिले काय समजते?' ते शब्द त्यांनी तिथेच गिळले. मग त्यांनी आत हाक मारली, "कुसुम, इकडे ये वं पोरी. बस. मले तुले काही विचारायचं आहे." कुसुमावती आली, पदराशी चाळा करत उभी राहिली, आणि जरा वेळाने घाबरत घाबरत म्हणाली, "बाबा, मले आधी मॅट्रिक व्हायचं आहे. मग नर्सचं शिकायचं आहे." ते ऐकून शालिकरामांना राग आला, हे खरं आहे. तो राग उतरेपर्यंत ते गप्प बसले, हेही खरं आहे. मग ते म्हणाले, "काहून वाटते तुले असं, ते सांग." आणि ती सांगू लागली. उमरेडला त्यांनी नम्रपणे नकार कळवला.

मित्रहो, चंद्रकलेच्या पाठीतली गाठ दुर्मीळ होती. हजारो घरांत एखाद्याला होते. पण ती गाठ इतके महिने लपून राहिली ती ज्या आडोशाला, तो आडोसा मुळीच दुर्मीळ नाही. तो घराघरांत आहे. आपण आपल्या माणसांवर प्रेम करतो आणि त्या प्रेमाच्या भरात त्यांच्या तोंडचा शब्द काढून घेतो. डॉक्टरांच्या हातात सुई असते, यंत्रं असतात, पण रोगाचा पहिला पत्ता रोग्याच्याच तोंडी असतो. तो त्याला सांगू द्या. शरीराच्या कुठल्याही भागाची लाज वाटून घेऊ नका, आणि दुसऱ्याला वाटू देऊ नका. दुखणं नवऱ्याचं असो, बायकोचं, म्हाताऱ्या आईचं नाहीतर लहान लेकराचं, त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर आपल्या मनाजोगं येईलच असं नाही. ते तरीही ऐकून घ्यायचं, कारण ऐकायचंच नसेल तर विचारण्याला काही अर्थ उरत नाही.